पोथी नसलेलं नाटक

आमच्या नाटक कंपनीत अख्खं नाटक कोणालाच मिळत नसे. राजाचं काम करणाऱ्याला राजाचीच वाक्यं, राणीला राणीचीच. प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटले दोन-तीन शब्द, म्हणजे आपण तोंड कधी उघडायचं ते कळावं. त्या चोपडीला आम्ही नक्कल म्हणायचो. अख्खं नाटक जिच्यात, ती पोथी. ती एकच असायची अन् मालकाच्या पेटीत कुलपात राहायची. एखादा नट रुसून दुसऱ्या कंपनीत गेला तरी त्याला नाटक सोबत नेता येऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. नुसत्या राजाच्या वाक्यांवर कोण नाटक उभं करणार? ज्याच्या पेटीत पोथी, त्याचं नाटक, असा रिवाज होता, अन् वऱ्हाडातल्या साऱ्या लहानमोठ्या कंपन्या तो पाळत.

पोथीवरून नकला उतरवायचं काम माझं. खेळ सुरू झाला की पोथी हातात घेऊन विंगेत उभं राहायचं, कोणी अडखळला की हळूच शब्द पुरवायचा, अन् खेळ संपला की पोथी मालकाच्या हवाली करायची. मी माळ्याचा मुलगा. रिसोडच्या बाहेर आमचा मळा. वांगी, मेथी, कांदे. बाजाराच्या दिवशी बाप डोक्यावर पाटी घेऊन जायचा. शाळेत मास्तरांनी अक्षर चांगलं म्हणून पाठ थोपटली अन् तिथंच माझं वाटोळं झालं. मेथीच्या वाफ्यात राहिलो असतो तर आज हे रडगाणं गात बसलो नसतो.

वर्षानुवर्षं दुसऱ्यांची नाटकं उतरवून माणसाचं काय होतं, ते उतरवणाऱ्यालाच माहीत. एका नाटकात दुसऱ्या अंकात नायकाचा हात तुटायचा अन् तिसऱ्या अंकात तोच गडी दोन्ही हात जोडून देवाला आळवायचा! मी गुपचूप दुरुस्त करायचो. मालक तालमीत ऐकायचा अन् म्हणायचा, "आता जमलं बुवा!" कोणाचं जमलं, ते कोणी विचारत नसे. मग मला एकच ध्यास लागला. एक नाटक माझं असावं, अन् जाहिरातीच्या कागदावर नाटकाच्या नावाखाली 'लेखक' म्हणून माझं नाव छापलेलं असावं. बस. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

नाटक मिळालं ते घरातच. आम्ही मोठ्या बहिणीला बाई म्हणतो. बाई केनवडला दिलेली होती. सात वर्षांत मूल झालं नाही, तर नवऱ्यानं दुसरी केली. नवी नवरी दारात आली तेव्हा सासूनं ओवाळायचं ताट बाईच्याच हातात दिलं. म्हणजे पाहा, माणसं किती खालच्या थराला जातात. बाईनं ओवाळलं. पण ओवाळता ओवाळता ताटातला दिवा विझला. अपशकुन झाला म्हणून घरात हलकल्लोळ. बाई म्हणाली, वारं आलं. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला म्हणून निघाली, घागर विहिरीवर ठेवली अन् पायी पायी आमच्या मळ्यात आली. ती मग कायमचीच. दोन वर्षांनी कळलं, ती सवत पहिल्याच बाळंतपणात गेली.

पावसाळ्यात कंपनी बंद असे, तेव्हा मी घरी यायचो. अशाच एका सुट्टीत आम्ही दोघं बहीणभाऊ वाफे निंदत होतो. बाई खाली मान घालून, हातातलं गवत न सोडता म्हणाली, "वारं नव्हतं रे त्या दिशी."

मी म्हटलं, "कोन्त्या दिशी?"

"दिवा मीनंच फुंकला. तिचं तोंड पाह्यलं, अन् राह्यवलंच नाही मले. अन् मंग ते पोरगी मेली. माह्याच फुकीनं मेली असं वाटते, भाऊ. झोप येत नाही मले."

मी म्हटलं, "बाई, फुकीनं कोणी मरते काय?" ती पुन्हा निंदायला लागली. 'कोणाला सांगू नको' असंही तिनं म्हटलं नाही. सख्ख्या भावाला ते सांगावं लागतं का?

त्याच पावसाळ्यात माझ्या डोक्यात नाटक शिरलं. खोटं कशाला बोलू, बाईचं दुःख शिरलं असं नाही; नाटक शिरलं. ताट हातात घेतलेली नायिका, समोर सवत, अन् एक फुंकर. पडदा! बाईला विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. उलट वाटलं, बाई पाहील तेव्हा खूश होईल, म्हणेल, माझ्या भावानं माझं सोनं केलं. केवढा मूर्ख!

आता माझी हुशारी ऐका. मालकाला मी ओळखून होतो. पोथी लिहिली तर तो ती मागणार, पेटीत घालणार अन् कुलूप लावणार. मग नाटक त्याचं. म्हणून मी ठरवलं, पोथी लिहायचीच नाही. सरळ नकलाच लिहायच्या. आठ चोपड्या समोर पसरायच्या. नायिका बोलली की या चोपडीत, नवरा बोलला की त्या चोपडीत, सासू बोलली की तिसरीत. अख्खं नाटक फक्त माझ्या डोक्यात. नट आपापली नक्कल घेऊन बसतील, मालकाच्या हाती काही लागायचं नाही. बावीस वर्षं नकला केलेला माणूसच अशी शक्कल काढू जाणे! मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

हे एकाच माणसाला माहीत होतं. आमच्याकडं बायकांची कामं करणारा नट, माझा जिवाचा दोस्त. कारंज्याच्या अत्तारांच्या घरातला. घरच्यांनी अत्तराच्या दुकानावर बसवला होता, तिथून पळून कंपनीत आला. लुगडं नेसून चालायला लागला की पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा पदर सारखा करायच्या. कंपनीचा मुक्काम कारंज्याला होता तेव्हा सकाळी आंघोळी उरकून आम्ही दोघं बसायचो. मी वाक्य सांगायचो, तो बायकी आवाजात म्हणून पाहायचा. अडलं की म्हणायचा, "भाऊ, हे जबानीवर नाही बसून राह्यलं. औरत असं बोलन काय?" मी बदलायचो. नायिकेची नक्कल त्याच्या डोळ्यांसमोर तयार झाली. दिव्याची जागा ऐकून तर तो माझे हात धरून रडला. "खुदा कसम, भाऊ," म्हणाला, "हे काम करून मी मेलो तरी चालन."

नाटक झालं. मी मालकाला वाचून दाखवलं. आठ चोपड्या मांडीभोवती मांडल्या अन् एक उचल, दुसरी ठेव, असं करत दोन दुपारी वाचलं. मालक मोठ्या शेतवाडीच्या घरचा. हौसेनं कंपनी काढली होती अन् ती चालवायला जीव टाकायचा, हे खोटं नाही म्हणणार मी. त्यानंही डोळे पुसले. मी म्हटलं, "मालक, जाहिरातीवर माझं नाव पाहिजे." तो म्हणाला, "देऊ ना! नाही त काय!"

वाशीमला तालमी सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी अकोल्याच्या छापखान्यातून जाहिरातींचा गठ्ठा आला. मी स्वतः सुतळी सोडली. नाटकाचं नाव ठसठशीत. खाली 'लेखक', अन् त्याच्यापुढं मालकाचं नाव. नाटकाचं नाव मी इथं सांगत नाही. ज्याचं म्हणून ते छापलं, त्याचंच राहो.

मी गठ्ठा घेऊन मालकापुढं उभा राहिलो. तो पान लावत होता.

"मालक, हे काय?"

"छापून आलं, आता काय करतं? अन् मले सांग, माळ्याच्या नावाचं नाटक पाहाले वाशीमचे वकील येतीन काय?"

"नाटक माझं आहे."

"तुहं? मंग पोथी दाखव."

मी नकला पुढं केल्या. म्हटलं, "माह्या हाताच्या आहेत, पाहून घ्या." मालक हसला. रागावलासुद्धा नाही, एवढाच मी त्याच्या लेखी.

"अबे, त्या पेटीत जितके नाटकं आहेत, तितक्याइच्या नकला तुह्याच हाताच्या आहेत. ते समदे नाटकं तुहे होय काय?"

मीच माझे हात कापून ठेवले होते. पोथी असती तर खाडाखोड दिसली असती, कुठं वाक्य सुचलं अन् कुठं फिरवलं ते दिसलं असतं. नकला तर नेहमीसारख्या स्वच्छ, सुंदर अक्षरात. माझंच अक्षर माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मालक म्हणाला, खेळ चार दिवसांवर आला, विंगेत काय हातात घेऊन उभा राहशील? पोथी उतरव. माणसात थोडी तरी आग असती तर मी सगळ्या नकला चुलीत घातल्या असत्या. मी उतरवली. तीन दिवस बसून, नकलांवरून माझंच नाटक पोथीत उतरवलं. पहिल्या पानावर लेखकाचं नाव घालायचं असतं. ते मालकाचं नाव मी माझ्या हातानं घातलं, अन् त्याच्याखाली वळणदार रेघही काढली. का? कारण मला नाटक पाहायचं होतं. तो दिवा विझलेला मला पाहायचाच होता. बोरू झिजवणाऱ्या माणसाची हाव असते ही, दुसरं काय!

वाशीमला खेळ रंगला. मग रिसोडला मुक्काम पडला. कापसाच्या बाजाराच्या आवारात कनाती उभारल्या. बाजाराच्या दिवशी खास बायकांसाठी दुपारचा खेळ लावला. मी मळ्यात जाऊन बाईला सांगितलं, "बाई, माझं नाटक आहे. तू येच." कशावरचं ते सांगितलं नाही. म्हटलं, पाहू दे, चकित होऊ दे. बाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं अन् शेजारच्या माळणींना घेऊन आली. बाजारासाठी केनवडच्या बायका आल्याच होत्या, त्याही येऊन बसल्या. विंगेतून मला बाई दिसत होती. तिसऱ्या रांगेत, इकडं तिकडं पाहत, लहान पोरीसारखी हरखलेली.

पडदा उघडण्याआधी मालक पुढं आला. शेला सावरून म्हणाला, "हे नाटक मी आपल्याच भागातल्या एका दुर्दैवी बाईची खरी हकीकत ऐकून लिहिलं आहे."

खरी हकीकत! त्याला हे कुठून कळलं? मीच वाचताना फुशारकीनं बोलून गेलो होतो, मालक, हे घडलेलं आहे म्हणून.

दिव्याचा प्रवेश आला. माझ्या दोस्तानं त्या दिवशी जे काम केलं, ते पुन्हा कधी कोणी केलेलं मी पाहिलं नाही. ताट फिरवलं, सवतीच्या तोंडाकडं पाहिलं, अन् ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घातली. बायकांतून एकच आवाज उठला. केनवडच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. एक जण उठून, मागं वळून रांगांतून बाईला शोधायला लागली. मी बाईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावरून पार खाली ओढला होता. थोड्या वेळानं पाहिलं तर तिची जागा रिकामी होती.

खेळ संपल्याबरोबर मी पळत मळ्यावर गेलो. बाई विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ बसली होती. मी म्हटलं, "बाई, त्या मालकाचं ऐकू नको. नाटक त्याचं नाही, मी केलं. त्यानं नाव चोरलं माझं." ती माझ्याकडं पाहतच राहिली. मला वाटलं, हिला खरं वाटत नाही. हिला वाचता येत नाही, हिला दाखवू तरी काय? मी तसाच मागं फिरलो अन् दोस्ताला ओढत घेऊन आलो. अजून त्याच्या गालावरचा रंग निघाला नव्हता. त्याला वाटेत सांगितलं, फक्त माझ्या बहिणीपुढं खरं बोल, दुसऱ्या कोणापुढं नको.

तो बाईपुढं उभा राहिला. खाली पाहून म्हणाला, "बाई, नाटक मालकाचंच आहे. भाऊनं उतरवून देलं."

मी त्याची गचांडी धरली. "हरामखोरा, काहून खोटं बोलतं?"

तो रडायला लागला. "भाऊ, मालक नागपूरहून बाई आणून राह्यला. खरीखुरी बाई. आता बायाच काम करतीन म्हणते. माह्याच्यानं दुसरं काय होते? सब जिंदगी लुगडं नेसून काढली. त्याच्या कानावर गेलं तर मले उद्याच हाकलून देईन."

मी त्याला दोन शिव्या हासडल्या. आजही मला त्याचा राग आहे, अन् तो रास्त आहे असंच मी म्हणतो. पण तेवढ्यात बाई उठली. आवाज न चढवता म्हणाली, "कोणं केलं ते कोण इचारून राह्यलं, भाऊ? त्यानं केलं का तू केलं, मले काय त्याचं? मी सांगतलं कोणाले होतं?"

आम्हा दोघांनाही मळ्यात तोंड लपवायला जागा नव्हती.

चार दिवसांनी सवतीचा बाप केनवडहून आला. म्हातारा माणूस. मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहिला. शिवी नाही, शाप नाही. बाईकडं पाहत राहिला बराच वेळ, अन् आला तसा गेला. बाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून ती बाजारात गेली नाही. कोणाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणंही येईना. कोणाच्या घरी नवी सून आली की बाया म्हणायच्या, तिची फुंकर नको पडायला.

मी कंपनी सोडली का? नाही. आणखी सहा वर्षं त्याच विंगेत, तीच पोथी धरून उभा राहिलो अन् त्याच जागी नायिकांना शब्द पुरवत राहिलो. नागपूरची बाई आली. तिनं फुंकर अशी घातली की जणू चहा निववते आहे. माझ्या दोस्ताला मालकानं म्हाताऱ्या सासूचं काम दिलं, मग दासीचं, मग काहीच नाही. ज्या नोकरीसाठी खोटं बोलला, ती एक सालही टिकली नाही. तो कारंज्याला परत गेला; भावांनी दुकानात घेतलं, पण पुढं बसू दिलं नाही, गिऱ्हाईक हसते म्हणून. पुढं बोलपट आले, कनाती फाटल्या, कंपनी बसली. मालकाचा वाशीमला हारतुरे घालून सत्कार झाला. भाषण करणाऱ्यानं सांगितलं, स्त्रीच्या अंतःकरणाची अशी ओळख फार थोड्या लेखकांना असते. मी मागच्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

मग मी मळ्यावर आलो, बाईजवळ. आईबाप गेले होते; माझं लग्न कंपनीच्या फिरतीत राहूनच गेलं. बाईनं मला कधी टाकून बोललं नाही. भाकरी गरम वाढायची, आंघोळीला पाणी काढायची. पाऊस किती झाला, कांदा कसा आला, गाय आटली, असलं सगळं बोलायची. फक्त स्वतःचं म्हणून काही सांगायची नाही. मी कधी विचारलं, "बाई, काय झालं?" तर म्हणायची, "कुठं काय?" मला वाटायचं, वय झालं, बोलणं कमी झालं. माणूस स्वतःची अशीच समजूत घालतो.

एक दिवस वाफ्यातच ती पोट धरून बसली. मी बैलगाडीत घालून तिला रिसोडच्या डाक्तराकडं नेलं. त्यानं तपासलं, अन् माझ्यावरच ओरडला. पोटात एवढी मोठी गाठ झाली तोवर तुम्ही झोपले होते काय? दीड-दोन वर्षांपासून दुखत असलं पाहिजे हिला! दीड-दोन वर्षं. ती माझ्यासमोर पाणी ओढत होती, भाकरी थापत होती, अन् मी ओसरीत बसून माझं चोरलेलं नाव आठवत होतो.

डाक्तर बाहेर गेला. मी तिच्या खाटेजवळ बसलो. म्हटलं, "बाई, इतकं दुखत होतं तर मले काहून नाही सांगतलं?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं.

"तुले सांगतलं असतं, भाऊ," ती म्हणाली, "पण तू कोणाले सांगशीन याचं भेव वाटलं."

कुठं दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागते का, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, अन् आता तिला विचारायला तोंडही नव्हतं. मी उठून बाहेर गेलो, अन् माझ्या बहिणीला काय काय होतं ते सगळं त्या परक्या डाक्तराला विचारून घेतलं.